लाल गाडी परत आणताना

जुन्या गाड्या जमवणाऱ्या चष्मेवाल्यांना घ्यायची होती एकच गाडी, पण बघायला दोन होत्या. दोन्ही इटलीच्या, साठच्या दशकातल्या, लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या. एक करडी लान्चिया, दुसरी लाल मासेराती. मालक म्हणजे आयुष्यभर पूल बांधलेले इंजिनिअरसाहेब. वय ऐंशीपुढचं, पण कणा ताठ.

“दोघींचं अंग, म्हणजे वरचा पत्रा, एकाच कारखान्यात घडलंय,” गॅरेजचं दार ढकलत साहेब म्हणाले, “पण स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. लान्चियाचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आहे. वळणावर पोटातलं पाणी हलत नाही. मासेरातीला एकेका सिलिंडरला दोन-दोन प्लग. म्हणजे कटकट दुप्पट. पण एकदा निघाली, की विचारू नका!”

“बाबा, गाडी विकताय की स्थळ दाखवताय?” दारातून लेक म्हणाली.

लान्चिया चष्मेवाल्यांनी स्वतः चालवली. शहाणी गाडी. रंग मूळचा, काचासुद्धा पहिल्याच. संग्रहात ठेवायला हीच, असं त्यांनी जवळजवळ ठरवूनही टाकलं.

मासेराती मात्र साहेबांनी स्वतःच काढली. टेकडीच्या चढावर त्यांनी जोर दिला आणि चष्मेवाल्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. माथ्यावर साहेबांनी गाडी अलगद कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि म्हणाले, “हां.”

“क्लच जरा जड आहे का हिचा?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

साहेब बोलले नाहीत. थंड होणाऱ्या इंजिनाची टिकटिक ऐकत असतील, असं चष्मेवाल्यांना वाटलं. त्यांनी पेट्रोल किती लागतं तेही विचारलं. मग साहेबांची मान हळूच खिडकीकडे कलली.

चष्मेवाल्यांनी हाक मारली, खांदा हलवून पाहिला. मग अँब्युलन्ससाठी फोन लावला. पलीकडची बाई सांगेल तसं साहेबांना गवतावर निजवून छाती दाबत राहिले. अँब्युलन्स आली. डॉक्टरांनी बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. मग लेकीला कळवलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, “मी दवाखान्यात जाते. गाडी तेवढी घरी आणाल?”

चष्मेवाले मासेरातीच्या स्टीअरिंगमागे बसले. जेमतेम सुरू केली. पण उतारावर, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाने असा काही सूर धरला, की चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. निव्वळ आनंदाने. क्षणभरच. मग बाजूच्या सीटवर साहेबांची टोपी दिसली आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली. माणूस आत्ता गेला, आणि आपण हे काय करतोय?

संध्याकाळी लेक परतली तेव्हा ते फाटकापाशी उभेच होते.

“कशी चालली?” तिने विचारलं.

खोटं बोलावं, असं फार वाटलं. “फार सुंदर,” ते म्हणाले, आणि मान खाली घातली.

“बाबांना हेच ऐकायचं असायचं,” ती म्हणाली आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडली.

मासेराती तिने ठेवली. महिन्याभराने लान्चिया चष्मेवाल्यांच्या घरी आली. बायको हौसेने म्हणाली, “चला, एक चक्कर मारू.”

“तू चालव,” ते म्हणाले.

सगळी वाट ते रस्त्याकडे न बघता तिच्याकडेच बघत होते. शेवटी ती वैतागली, “अहो, माझ्या तोंडाला काही लागलंय का?”

“नाही. बोलत राहा तू,” ते म्हणाले. “काहीही बोल.”