पदरची गोळी

"मामा, त्याला पाकीट दाखवा. तो चावत नाही," भाचा म्हणाला.

औषधांच्या दुकानात काउंटरवर संगणकाचा नवा पडदा बसला होता. त्याच्यापुढे औषध धरायचं. गिऱ्हाइकाला आधी काय चालू आहे ते बघून, हे त्याला सोसेल की नाही, ते तो सांगणार. दुकान भाच्याचं, गिऱ्हाइकं मामांची. लोक त्यांना 'अर्धे डॉक्टर' म्हणत. उरलेला अर्धा कुठे आहे, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

हे यंत्र आपल्याला घरी बसवणार, म्हणून मामांची पहिले काही दिवस झोप उडाली. पण यंत्र निघालं भलतंच सालस. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर वाचायचं, मुदत संपत आलेली बाटली शोधून द्यायचं, आणि चहाला म्हणून जाऊन तासभर गायब व्हायचं नाही. मामांना ते आवडू लागलं. एकदा तर दुकान बंद करताना त्यांनी त्याला 'येतो रे' म्हटलं.

मग एक दिवस सकाळी निवृत्त मास्तर आले. नेहमीची रक्त पातळ करायची गोळी घेतली, आणि गुडघे धरलेत म्हणाले. अशा वेळी मामा पदरची एक दुखण्याची गोळी देत. चिठ्ठी नाही, पैसे नाहीत, नुसती माया. ती गोळीही त्यांनी सहज पडद्याला दाखवली. पडदा लाल झाला. दोन्ही एकत्र घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो, कृपया देऊ नका.

"अहो, मागेही तुम्ही हीच दिली होती की," मास्तर म्हणाले.

"मग? काही त्रास?"

"झाला असता तर आज आलो असतो का?" मास्तर हसले.

भाचाही हसला. मामा आणि यंत्र, काय जोडी जमलीय म्हणाला. सगळे हसतायत म्हणून मामाही हसले. मास्तर गेल्यावर त्यांनी ती न दिलेली गोळी परत डब्यात टाकली.

कितीतरी जुनी गिऱ्हाइकं अलीकडे दिसेनाशी झाली होती. कोपऱ्यावरच्या नव्या दुकानाने ती पळवली, असं मामा सांगत आणि त्या दुकानाच्या नावाने बोटं मोडत. आज ती सगळी खरोखर त्याच दुकानात असू देत, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुपारी भाचा जेवायला गेला. मामांनी दार लोटून घेतलं आणि पडद्यासमोर बसले. एका बोटाने टाइप केलं: वय सत्तर. बाई. रक्तदाबाची गोळी रोज. सोबत गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी, तीही रोज.

दुसरी गोळी चिठ्ठीवर कधीच नव्हती. तीही पदरचीच; फक्त ती रोज संध्याकाळी खिशातून घरी जायची. बायको म्हणायची, तुमच्या गोळीने जिना चढता येतो हो. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. वय झालं, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मामांनी ते मानलं होतं.

यंत्राने क्षणभरही वेळ घेतला नाही. या दोन गोळ्या दीर्घकाळ एकत्र घेतल्यास मूत्रपिंडांना धोका असू शकतो. रुग्णाच्या पायांना सूज आहे का?

चपला घट्ट होतात म्हणून बायको कुरकुरायची. म्हातारपणी पाय वाढतात का गं, अशी थट्टा करून त्यांनी तिला एक माप मोठ्या चपला आणून दिल्या होत्या. फार खूश झाली होती.

'आहे,' त्यांनी लिहिलं.

दुखण्याची गोळी थांबवा. रुग्णाला आजच डॉक्टरांकडे न्या. उशीर करू नका. आपण काळजीने विचारलंत, हे फार चांगलं केलंत.

बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं. अर्धे डॉक्टर आहेत का, विचारत होतं. मामांनी चष्मा पुसला. समोरचा पडदा इतक्या अदबीने सांगतोय, त्याला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

'नेतो,' त्यांनी लिहिलं.