मिस्सा सुटल्यावरची गर्दी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण माझ्या पोटात एक अख्खं गाव नांदून गेलंय. हे मी जरा तोऱ्यातच सांगतो.

दोन हजार चार साली वसईच्या मर्विनने सुटे भाग जोडून मला उभं केलं. बांधायच्या इमारती आधी पडद्यावर दाखवायच्या आणि त्यांत माणसं चालवायची, हे आमचं काम. एव्हरशाईन सिटीतले बिल्डर माझ्यावर खूश होते. मी तर हवेतच होतो.

मग गावच्या चर्चचं काम आलं. चर्चपुढचं अंगण गाड्या लावायला द्यावं, असं समितीत घाटत होतं. त्याआधी अंगण किती वापरलं जातं, ते फादरांना बघायचं होतं. मर्विनने माझ्यात चर्च उभारलं, माणसं भरली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, सुटली की सगळी सरळ फाटकाकडे निघत आणि बघता बघता अंगण रिकामं होई. मला ती शिस्त फार आवडली. पण हे असंच समितीपुढे गेलं असतं, तर अंगण हातचं गेलंच होतं.

मर्विनची आई जुलियाना भाजी निवडता निवडता पडद्याकडे बघून हसायला लागली.

"मिस्सा सुटल्यावर असं लगेच घरी कोन जातं रे?"

"सगळेच जातात की, आई."

"तू जातोस. शेवटचं गाणं संपायच्या आत बॅट घेऊन पसार. मागं काय चालतं, तुला काय माहीत?"

मर्विन ओशाळला. त्या रविवारी तो मागे थांबला. बघतो तर माणसं घोळक्याने उभी. कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न, कुणाची केळी. "चला, निघू या" म्हणायचं आणि जागचं न हलता नवा विषय काढायचा.

हे सगळं त्याने मला शिकवलं. ओळखीचं माणूस दिसलं की थांबायचं, तिसरं आलं की सरकून जागा द्यायची, निघतो म्हणून निघायचं नाही. शिकताना मी तापलो, बंद पडलो, पण शिकलो.

समितीत गाड्यांसाठी सर्वांत जास्त हट्ट ऑगस्टीनकाकांचा होता. समितीपुढे मला चालू केलं, तसे ते पडद्याजवळ आले आणि घोळक्यातल्या एका बाईवर बोट ठेवून म्हणाले, "ही आमची बर्था. हिला हलवून गाडी कुठं लावू?" मी तर त्या बाईला नाव दिलंच नव्हतं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं कौतुक ते. अंगण राहिलं.

आता मी चर्चच्या अडगळीच्या खोलीत आहे. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी राग नाही. पण मित्रांनो, मिस्सा सुटल्यावर लगेच गाडीत बसू नका, थोडं थांबा. नाहीतर उद्या कुणी मला पुन्हा चालू केलं, तर माझ्यात गर्दी असेल, पण तिच्यातली बर्था ओळखणारं कुणी नसेल.