दोन्ही हातांच्या बांगड्या

भगवंतरावांच्या लेकीचं, लीलाचं, लग्न झालं ते साल एकोणीसशे एकतीस. चैत्रात लग्न उरकलं आणि ज्येष्ठात भगवंतरावांनी आपल्या सख्ख्या बहिणीविरुद्ध अकोल्याच्या कचेरीत अर्ज दिला. ऐकणारानं तोंडात बोट घालावं अशीच गोष्ट, कारण बहिणीचं इतकं करणारा भाऊ अकोटच्या त्या भागात दुसरा नव्हता.

बहीण पार्बता. दोन वर्षांमागं अकोटच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस लावताना तिचा उजवा हात यंत्रात गेला आणि मनगटाच्या वरपर्यंत कापावा लागला. नवरा पातूरकडचा. त्यानं दवाखान्यात एकदा तोंड दाखवलं आणि वर्षाच्या आत दुसरी बायको केली. भगवंतरावांनी बहिणीला घरी आणलं, वकील गाठला, अकोल्याला खेटे घातले आणि जिनाच्या मालकाकडून हाताची भरपाई मिळवली. बाईमाणूस म्हणून कचेरीतल्या साहेबांनी ती रक्कम एकदम तिच्या हाती दिली नाही. कचेरीत ठेवली आणि तिला दर महिन्याला चार रुपये मिळतील असं केलं. पाच वर्षं पुरेल एवढी ती होती.

पार्बताचा हात गेला, पण हौस गेली नाही. महिन्याच्या महिन्याला ती अकोटहून मोटारीनं अकोल्याला जायची आणि सांजेला पिशवी भरून यायची. जिलबी ठरलेली, शिवाय कधी वासाची साबणाची वडी, कधी चहाची पुडी. एका हातानं वेणी घालता येत नाही, म्हणून न्हाव्याच्या बायकोला दर आठवड्याला दोन पैसे देऊन ती वेणी घालून घ्यायची, वर फूल खोवायची. एकदा तर तिनं फोटो काढून घेतला; खुर्चीवर बसलेली, पदराखाली हात झाकलेला, आणि चेहऱ्यावर असा तोरा की पाटलीणबाईनं बघत राहावं.

भगवंतराव बोटांवर हिशेब करायचे. पाच वर्षांनी पैसे सरतील, आपण पन्नाशीचे होऊ, आपल्यामागं सुना हिला भाकर देतील की नाही कोणास ठाऊक. या पैशात दोन शेळ्या घेतल्या तर पाच वर्षांत कळप होईल आणि तो हिच्या नावाचा राहील. हे त्यांनी दहा वेळा सांगितलं.

"दादा, शेळी माही वेणी घालून देते का?" पार्बता विचारायची.

लीलाच्या लग्नात मात्र त्यांचा धीर सुटला. कासार बांगड्या भरायला ओट्यावर बसला होता. पार्बतानं डाव्या हातात आठ हिरव्या बांगड्या भरून घेतल्या आणि कासाराच्या पुढ्यात दोन्ही हातांचे पैसे ठेवले. भगवंतरावांनी ते मांडवातून डोळ्यांनी पाहिलं. नसलेल्या हाताच्या बांगड्यांचे पैसे देणारी बाई उद्या काय करील, असं त्यांच्या मनानं घेतलं. वऱ्हाडी हाक मारत होते, म्हणून ते तिथून गेले. पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही.

अकोल्याच्या अर्जनवीसाकडून त्यांनी अर्ज लिहून घेतला. बहीण पैशाची नासाडी करते, सबब दरमहाची रक्कम भावाच्या हाती मिळावी. खाली नासाडीची यादी.

"पार्बतेले इचारलं का?" त्यांची बायको गोदाबाई म्हणाली.

"तिले काय इचारायचं? तिच्याच भल्याचं हाये."

"मंग सांगाले काय झालं?"

त्यावर भगवंतराव बैलांना पाणी पाजायला निघून गेले.

तारखेच्या दिवशी ते म्हणाले, "चाल, मी बी येतो अकोल्याले." पार्बताला वाटलं, भाऊ सोबतीला येतो आहे. तिला आनंदच झाला. उन्हानं अकोला भाजून निघत होतं. उतरल्याबरोबर तिनं भावाला सोड्याच्या दुकानावर नेलं.

"भाऊ, दोन द्या. माह्या बाटलीची गोळी तुमीच दाबून द्या, मले एकच हात हाये," ती दुकानदाराला म्हणाली, जणू एकच छत्री आहे म्हणावं तसं.

भगवंतरावांनी जन्मात सोडा प्याला नव्हता. नाकात झिणझिण्या आल्या.

"कसा हाये, दादा?"

"बरा हाये."

"बरा काय म्हणतं? डोये पाह्य कसे चमकून राह्यले."

तेव्हाच सांगावं असं त्यांना वाटलं. पण तोंडात तिच्याच पैशाचा सोडा होता.

कचेरीत साहेबांपुढं नाव पुकारलं आणि कारकुनानं अर्ज वाचला. पार्बता ऐकत राहिली. भावाकडं तिनं एकदाच पाहिलं आणि मग पायाच्या अंगठ्याकडं पाहत उभी राहिली. साहेब अमरावतीचे, वयस्क, शांत गृहस्थ होते.

"जिलबी, दर महिन्याला एक शेर," त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "ही बाई शेरभर जिलबी एकटी खाते?"

"नाई साहेब. घरी आणते."

"कोण खातं?"

"घरचे सारे."

"तुम्ही?"

भगवंतरावांनी पागोटं सरळ केलं. "खातो, साहेब."

दारातला चपराशी खोकला.

"चहा?"

"मले सकाळी लागते आता."

"साबण?"

"तो... लीलाच्या न्हाणाले लागला. पोरीच्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या यादीत तुम्हीच जास्त दिसता. हे बांगड्यांचं काय? एका हाताच्या बाईनं दोन हातांचे पैसे दिले?"

"हे मात्र मी सोता पाह्यलं, साहेब."

साहेबांनी पार्बताला विचारलं. तिनं पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "आठ माह्या हातात, आठ वयनीच्या. लग्नाचा खर्च वाढते म्हणून वयनीनं आपल्या भरल्याच नाईत. लेकीच्या लग्नात माय जुन्याच बांगड्यांवर फिरे. मी म्हटलं, माहा एक हात रिकामाच हाये, त्याच्या तू घाल."

भगवंतराव आठवू लागले. लग्नात गोदाबाईच्या हातात काय होतं? त्यांना आठवेना. दोन महिने ती त्यांना रोज भाकर वाढत होती, तिचा हात रोज ताटाशी येत होता, आणि त्या हिरव्या बांगड्या त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

"अर्ज मागं घेतो, साहेब," ते म्हणाले.

"घ्या. आणि मागं घेतल्याच्या कागदावर अंगठा करा."

बाहेर निंबाच्या सावलीत दोघं उभी राहिली. पार्बता म्हणाली, "दादा, मले सांगतलं असतं तर मीच यादी देल्ली असती. तू अत्तर इसरला."

"अत्तर? कधी घेतलं?"

"संक्रांतीले. तुह्या पागोट्याले लावलं होतं. तुले वाटलं पाटलाच्या घरचा वास हाये."

भगवंतरावांनी पागोटं काढून नाकाशी धरलं. वास केव्हाच उडाला होता. तरी ते पुष्कळ वेळ धरून उभे राहिले, आणि बहिणीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

"शेळ्या घेतल्या असत्या तर पुढं..." ते म्हणाले.

"पुढं वयनी हाये. चाल, जिलबी थंडी होऊन राह्यली तिकडं दुकानात."

पुढच्या महिन्यात तिनं शेळी घेतली नाही, छत्री घेतली. मात्र तेव्हापासून दर महिन्याला भगवंतराव सोबत जात आणि सोड्याची गोळी स्वतः दाबून तिच्या हाती बाटली देत. पाच वर्षांनी पैसे सरले. चहा तेवढा राहिला, तो भगवंतराव आणू लागले.

भगवंतराव एकोणीसशे त्रेचाळीसच्या माघात वारले. त्यांच्यामागं पार्बता साडेतीन वर्षं त्याच घरात राहिली. गोदाबाई तिची वेणी घालून द्यायची. पार्बता एकोणीसशे शेहेचाळीस साली, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, वारली.