ट्रॅक्टरच्या गादीवर लंगडी

धाकट्याने कोंबड्यांचं खुराडं मोडलं, कारण त्याला ट्रॅक्टरसाठी आडोसा हवा होता. कोंबड्या गोठ्यात राहतील, गाईच्या शेजारी, असं त्याने जेवताना जाहीर केलं आणि पुन्हा ताटात डोकं घातलं. त्याची थोरली बहीण, घरादाराची ताई, ताटावरून उठलीच. ते खुराडं तिने एकटीने उभं केलं होतं. फळ्या ठोकताना अंगठ्याचं नखही गेलं होतं. पण धाकट्याने तिला विचारलंसुद्धा नाही.

बाकीच्या कोंबड्या मुकाट गोठ्यात गेल्या. लंगडी गेली नाही. एका पायाने अधू, पण तोऱ्यात दोन्ही पायांच्यांना भारी.

ऐन वसंत होता. फळझाडं पांढरीशुभ्र झाली होती, वासरू उगाचच उधळत होतं आणि पावसाच्या दोन सरींनी जमीन लोण्यासारखी झाली होती. एका सकाळी धाकटा शीळ घालत नांगरायला निघाला, तर ट्रॅक्टरच्या गादीवर लंगडी पिसं फुलवून बसलेली. खाली अंडी. किती दिवस ती तिथे चोरून बसत होती, तीच जाणे. त्याने हात घातला. लंगडीने चोच अशी हाणली की त्याच्या अंगठीतला खडा उडून वाटाण्याच्या वाफ्यात पडला. त्या वाफ्यातले वाटाणे अजून अंधारात चमकतात. भाजी करताना दिवा लावावा लागत नाही.

ताई वाफ्यातच खुरपत होती. ती आली, पुढच्या चाकासमोर बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून शेंगा सोलायला लागली.

"ताई, उचल हिला. जमीन आज हाताशी आलीय, उद्या दगड होईल."

"तू तिचं घर घेतलंस, तिनं तुझी गादी घेतली. झाली फिटंफाट."

"म्हणजे आता कोंबडीपुढे हात जोडू?"

"जोडू नकोस. हातात हातोडा घे. खुराडं उभं कर, मी स्वतः हिला उचलून आत नेऊन ठेवते. तोवर ही उठायची नाही."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती दोरीवर धुणं वाळत घालत होती. तिने ओली चादर मधे ओढून घेतली. चादर मात्र गदगदा हलत होती.

धाकटाही त्याच आईचा. त्याने उभ्यानेच ट्रॅक्टर सुरू केला. कोंबडी उठवली नाही ना, मग जा बाबा, म्हणत ताईने बादली बाजूला घेतली. शेतभर असा देखावा चालला: धाकटा वाकून स्टिअरिंग धरलेला, पाठीला रग लागलेली, आणि मागे गादीवर लंगडी शेताची पाहणी करत निघालेली. इंजिनाच्या उबेने दुपारपर्यंत अंडी फुटली. पिल्लं टपाटपा खाली उतरली आणि नांगरामागे रांगेने किडे टिपत निघाली.

कुंपणापलीकडून गावचा न्हावी बघत होता. त्याने अदबीने लंगडीला विचारलं, "मालकीणबाई, हा ड्रायव्हर महिन्यानं ठेवलाय की रोजानं?"

बायकोच्या चादरीने जे केलं नव्हतं ते न्हाव्याने केलं. त्याच संध्याकाळी धाकट्याने हातोडा घेतला. आडोशाच्याच जागी उभं राहिलेलं खुराडं पहिल्यापेक्षा ऐसपैस झालं, वर खिडकीसुद्धा. ताईने प्रत्येक फळी हलवून पाहिली, दोन खिळे पुन्हा ठोकायला लावले. मग शब्दाप्रमाणे लंगडीला काखेत घेतलं, पिल्लं ओच्यात, आणि आत नेऊन ठेवलं. गोठ्यातल्या कोंबड्याही मागोमाग परत आल्या.

सकाळी धाकटा आडोशाऐवजी झाडाखाली लावलेल्या ट्रॅक्टरपाशी गेला. गादीवर लंगडी, पंखांखाली पिल्लं.

त्याने ताईला हाक मारली. ती दाणे टाकत होती, मान वर न करता म्हणाली, "उचलून आत ठेवीन म्हटलं होतं, ठेवलं. तिथंच राहील असं मी कधी बोलले?"

धाकटा अजून उभ्यानेच नांगरतो.