पाच चमचे

दुपारच्या निवांत घरात चमचा खणकन फरशीवर पडला. पुष्पाने कॉम्प्युटरवरून मान वळवली. सहा वर्षांची मनू बाहुलीला औषध पाजत होती. प्रोग्राम तपासायला प्रिंटरमधून काढलेली औषधाची चिठ्ठी मांडीवर घेऊन ती बोट ठेवून वाचत होती, “पा-च च-म-चे.”

“पाच नाही गं राणी, एक...” पुष्पाचं हसू ओठांवरच सुकलं.

तिचा नवरा सुकदेव देवपुरातल्या याच खोलीत बसून लहान मुलांच्या दवाखान्यांसाठी चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम लिहायचा. बाळाचं वजन टाकलं की औषधाची मात्रा छापून येई. डॉक्टरांना ती आता चमच्यांऐवजी मिलिलिटरमध्ये हवी होती. आकडे सुकदेवने बदलले, मराठी शब्द पुष्पाने बदलायचे होते. एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर; एकाचे पाच झाले, अन् पुढचा ‘चमचे’ तिच्या हातून तसाच राहिला.

नवा प्रोग्राम पाठवायची युक्तीही तिचीच. सुकदेव मोटारसायकलवर गावोगाव फिरायचा, त्यात चार दिवस मोडायचे. “माहेरचा डबा एस्टीने येतो, मग फ्लॉपी का नाही जाणार?” ती म्हणाली होती. अमळनेरच्या दवाखान्याने ती कॉम्प्युटरवर लावायची आणि पुढच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. मग जळगाव, मग रावेर. एकाच फ्लॉपीत, एकाच दिवसात तिन्ही दवाखाने. “बिनपगारी पोस्टखातं आहेस तू!” सुकदेवने चिडवलं होतं. आज फ्लॉपी पहाटेच गेली होती, आणि तो नाशिकला.

तिने अमळनेरला फोन लावला. कंपाउंडर झुलाल खुशीत होता. “वहिनी, बठ्ठं मस्त शे! फ्लॉपी लाई बी दिधी, पुढे धाडी बी दिधी.”

“झुलालभाऊ, चिठ्ठी कुणाला दिली का? त्यात चूक आहे!”

“कोनलेच नही. डॉक्टर सायंकाळले बसतीन.”

जळगावच्या डॉक्टरांनीच फोन उचलला. “दोन चिठ्ठ्या गेल्या, पण बाटलीवर मात्रेची खूण मी स्वतः करून दिली. तुम्ही रावेर लावा आधी!”

रावेर सातव्यांदा लागलं.

“आत्ताच एक बाई चिठ्ठी घेऊन गेली, ताई,” कंपाउंडर जीवराम म्हणाला. “तान्हं पोर होतं, तापाने फणफणलेलं. केळीच्या ट्रॅक्टरवर बसली.”

“कुठल्या गावची?”

“इचारलं नाही हो. थांबा, पळतो मी!”

रिसीव्हर टेबलावर आपटला. पुष्पाच्या कानात तिथला पंखा घरघरत राहिला. कुणाचं तरी पोर खोकलं. दिवसातून चारदा, पाच पाच चमचे. आणि तापल्या लेकराची आई एक थेंबही सांडू देत नाही.

मनू बाहुली सोडून तिच्या पदराशी आली. “कुणाशी बोलतेस?”

“जीवरामकाका... ट्रॅक्टरमागे पळतायत.”

मनूने तिचा पदर ओढला.

“आई, काका ट्रॅक्टरपेक्षा जोरात पळतात का गं?”