गणितगुरूंचे दोन आकडे

पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीचा हॉल खच्चून भरला होता. स्टेजवर सात वर्षांची ऋता, डोळ्यांवर काळी पट्टी. कुणीतरी पहिला आकडा दिला, ४७२. ऋताने पाटीवर काहीतरी खरडून पाटी पालथी घातली. मग लोकांचा आकडा ५१८, गणितगुरू प्रीतमजींचा ४८१. लोकांचा ६२०, गुरूंचा ३७९. पाचही आकड्यांची बेरीज झाली २४७०. पाटी उलटली, तर २४७०.

"बेरजेआधी उत्तर! दोन दिवसांचा उपास, की तिसरा मेंदू जागा," प्रीतमजी म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी पहिला वापरावा, असं मागे बसलेल्या सुमनताईंना वाटलं.

सुमनताई भोसरीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. वर्षभर ऋता त्यांच्याकडे चिंचोके मांडून, गोष्टी रचून बेरीज-वजाबाकी शोधायची. चुकली की ताई विचारायच्या, "कसं काढलंस, सांग बरं." तिच्या आईला, दीपमालाला, तो वेळकाढूपणा वाटला. महिन्यापूर्वी तिने मुलीला प्रीतमजींच्या वर्गात घातलं. आता पोरीची मनगटं काडीसारखी दिसत होती.

ताईंनी आकडे कागदावर एकाखाली एक मांडले आणि त्या उठल्या.

"आता सगळे आकडे लोकच देतील. तुम्ही नुसते डोळे मिटा."

प्रीतमजी मेंदूच्या लहरी बिघडतील वगैरे सांगू लागले. पण लोकांनाच आणखी मोठा चमत्कार हवा होता. ३५६, २११, १४०, ३०५, १२०. बेरीज ११३२. ऋताच्या पाटीवर २३५४.

"हिनं चोरून खाल्लंय," प्रीतमजी शांतपणे म्हणाले.

दीपमाला स्टेजवर धावली आणि तिने मुलीच्या थोबाडीत मारली. दुसऱ्यांदा उगारलेला हात ताईंनी धरला.

"पाचशे अठरा आणि चारशे एक्याऐंशी मिळून किती? नऊशे नव्याण्णव. दुसरी जोडीही तेवढीच. म्हणजे दोन हजाराला दोन कमी. पहिल्या आकड्यातून दोन काढा, डावीकडे दोन लावा, झालं उत्तर. पोरीला एवढंच पढवलंय."

पुढच्या रांगेतल्या एका बापाने हळूच विचारलं, मग आमच्या मुलाचा उपास आज सोडवायचा का?

ताईंनी ऋताची पट्टी सोडली. "बाळा, ताटात चार पोळ्या होत्या. एक तू खाल्लीस. किती उरल्या?"

ऋताने आधी गुरूंकडे पाहिलं, मग आईकडे.

"मी विचारून खाल्ली का?"

दीपमालाने लेकीला जवळ ओढलं.

"उत्तर कसं आलं, हे गुरूला विचारा आणि मुलालाही," ताई लोकांना म्हणाल्या. "जो सांगत नाही, त्याच्या हाती लेकरू देऊ नका. आणि आधी हिला जेवायला घाला."