स्नानगृहाच्या कडीबाबत

विषय : स्नानगृहाचे दार आतून बंद करण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदार सूनबाईंच्या मेंदूच्या प्रतिमा, एकूण तीन खेपा.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, मी एमआरआयचं यंत्र बोलतोय. स्नानगृहाशी माझा काय संबंध, असं आपल्याला वाटेल. वाटू द्या. कचेरीतल्या बहुतेक कागदांचं असंच असतं. विषय वर एक लिहिलेला असतो आणि मजकूर भलतीकडूनच सुरू होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. या इस्पितळात आलो तेव्हा मी दारातून मावेना, म्हणून भिंत पाडून मला आत घेतलं. इतकं जंगी स्वागत इथल्या एकाही अधिकाऱ्याचं झालेलं नाही. मला बाहेर काढायचं तर भिंत पुन्हा पाडावी लागेल, म्हणूनच म्हातारा झालो तरी मला कोणी हात लावत नाही. नोकरी टिकवायची ही युक्ती सगळ्यांना जमत नाही.

मी म्हणजे काय, तर मधोमध भोक असलेलं एक मोठं लोहचुंबक. माणूस आडवा होऊन आत येतो, मी ठणठण आवाज करतो आणि त्याच्या मेंदूचे काप न कापता दाखवतो. अट एकच, हलायचं नाही. आणि माणसाची गंमत बघा, दिवसभर ज्याचं नाक एकदाही खाजलेलं नसतं, त्याचं इथे आल्याबरोबर खाजायला लागतं.

आता अर्जदाराविषयी. ही सूनबाई एका चष्म्याच्या दुकानात काम करते. हिला लहानपणापासून फिट्स येतात. लग्नाआधी तिने ते स्पष्ट सांगितलं होतं आणि सासूबाईंनी "त्यात काय, गोळ्या असतात" म्हणून पसंत केली होती. गोळ्या होत्याच. एक बदलून दुसरी, दुसरीच्या जोडीला तिसरी. फिट्स मात्र आपल्या वेळेला येतच राहिल्या. एकदा आंघोळ करताना आली. दाराला आतून कडी. दार मोडून तिला बाहेर काढावं लागलं, कपाळाला टाके पडले. दार नंतर दुरुस्त झालं, पण कडी सासूबाईंनी परत बसवू दिली नाही. तेव्हापासून सूनबाईंची आंघोळ बिनकडीची. बाहेर स्टुलावर सासूबाई बसलेल्या.

"आहेस ना गं?"

"आहे, आई."

"आवाज नाही आला."

"साबण लावतेय! साबणाला काय आवाज असतो?"

मोठी, कमावती बाई. तिला जगाकडून फार काही नको होतं. आतून कडी लावून, कोणाला हजेरी न देता आंघोळ करायची होती, बस्स.

पहिल्या खेपेला ती आली तेव्हा चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं होतं की फिट्स येतात. कुठून सुरू होतात, कशा, काही नाही. मला जाड जाड काप काढायला सांगितले, मी काढले. त्या दिवशी फोटो वाचायला बसलेल्या डॉक्टरांपुढे गठ्ठा मोठा होता. अहवाल आला की मेंदूत दोष आढळला नाही. घरच्यांना केवढा आनंद! नातेवाइकांना फोन गेले. एकटी सूनबाई बाहेरच्या बाकावर रडत बसली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की, फिट जिथून निघते ती जागा फोटोत सापडली तर ऑपरेशन करून काढता येते. माझ्याकडे येणारी झाडून सगळी माणसं काही निघू नये म्हणून हात जोडतात. काही निघावं म्हणून आलेली मी ही पहिलीच पाहिली.

दोनेक वर्षांनी फिट्सच्या नव्या डॉक्टरांनी तिला पुन्हा पाठवलं. या वेळी काप पातळ आणि वेळ भरपूर. आत फिट आली तर जवळ कोणीतरी हवं, म्हणून सासूबाई सोबत बसणार होत्या. सूनबाई टेबलावर आडवी झालेली, डोकं फोटोसाठी लावतात त्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात. दारात आमचा तंत्रज्ञ ट्रे घेऊन उभा.

"आजी, अंगावर, पर्समध्ये धातूचं जे असेल ते इथे काढा."

"आजी कोणाला म्हणतोस? तुझ्या आईच्या वयाची असेन."

"बरं, काकू. काढा."

किल्ल्या निघाल्या, पिना निघाल्या, नेलकटर निघाला. शेवटी लोखंडाची चांगली वीतभर कडी निघाली.

"काकू, हे काय?"

"कडी. दिसत नाही?"

"ती दाराला असते ना?"

"आमच्याकडे पर्समध्ये असते. घरात ठेवली की मुलगा बायकोचं ऐकून परत बसवून टाकेल."

पिंजऱ्यातून आवाज आला, "सांगा, सांगा. सगळ्या इस्पितळाला सांगा."

"सांगणारच! दादा, फिट यायच्या आधी ही माझ्याकडे बघून तोंड वेंगाडते."

"मी कशाला वेंगाडू?"

"ते तुला ठाऊक! ओठाचा कोपरा असा वर ओढते, मला खिजवल्यासारखा. आणि मी बोलायला तोंड उघडलं की पडते. पडलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?"

तंत्रज्ञाला माइक चालू ठेवून द्यायची खोड आहे. त्यावरून त्याने बोलणी खाल्लेली आहेत. काचेपलीकडे त्या दिवशी फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीण बाई बसल्या होत्या. छतातल्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आला.

"काकू, कुठला कोपरा?"

आपली बाजू घेणारं अखेर कोणीतरी भेटलं, अशा समाधानाने सासूबाईंनी वर पाहिलं. "डावा. दर वेळी डावाच."

"दर वेळी? आणि हे आधीच्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"घरातली भांडणं डॉक्टरांना कशाला सांगायची?"

मी अजून ठणठण सुरू केली नव्हती, म्हणून पुढचं ऐकू आलं. मग सूनबाई हळूच म्हणाली, "आई, मला खरंच माहीत नाही हो. शुद्धीवर आले की तुम्ही रुसलेल्या असायचात. मला वाटायचं, मी पडले म्हणून."

आजवर सगळ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, फिट कशी येते? आणि घरच्यांनी दर वेळी पडणं सांगितलं, दातखीळ सांगितली, कारण भीती त्याची वाटते. ओठाची नोंद आजारात झालीच नव्हती. ती स्वभावात झाली होती.

डावा ओठ हलवणारी जागा मेंदूच्या उजव्या बाजूला असते. मी माझं काम केलं. फोटो आधी संगणकातल्या एका नव्या प्रोग्रॅमकडे गेले. संशयास्पद जागेवर लाल ठिपका देणं हे त्याचं काम. हा गृहस्थ पोलिसी वृत्तीचा. त्याने चार-पाच जागी ठिपके दिले, त्यांतले बरेचसे निरपराध. पण एक ठिपका उजवीकडे, बरोबर ओठाच्या जागेपाशी होता. डॉक्टरीण बाई तिथेच थांबल्या. मेंदूची राखाडी कड आणि आतला पांढरा भाग यांच्यामधली रेघ एरवी स्वच्छ असते. तिथे एका खोल घडीच्या तळाशी ती पुसट होती, ओल्या शाईवरून बोट फिरावं तशी. पहिल्या खेपेचे जाड काप काढून पाहिले. त्यांतही ती अंधूक दिसत होतीच. मी दाखवण्याचं काम करतो. बघणं माझ्या खात्यात येत नाही.

बातमी सांगितली तेव्हा सूनबाईंनी टाळी वाजवली. सासूबाई ट्रेमधलं सामान गोळा करत म्हणाल्या, "एवढी वर्षं मी हिच्याशी अबोला धरत होते, तो एका घडीपायी?"

"काकू, कडी राहिली," तंत्रज्ञ म्हणाला.

"दे इकडे," त्या म्हणाल्या. विरघळण्यालाही मर्यादा असते.

पुढचं दुसऱ्या खात्यांत घडलं. डोक्याला तारा लावून तपासलं, त्यांनीही त्याच जागेकडे बोट दाखवलं. ऑपरेशन झालं. काही आठवडे तिचा डावा ओठ जरा ओघळलेला राहिला. सासूबाई म्हणे सगळ्यांना सांगायच्या, "आता डॉक्टरांनीच वाकडं केलंय, आता मी काही बोलत नाही." मग तोही सरळ झाला.

मधल्यामध्ये माझी एक विनंती नोंदवून ठेवतो. आपल्या घरात कोणाला फिट येत असेल तर पडण्याच्या आधी काय होतं तेही डॉक्टरांना सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा. अपमान वाटला असेल तर आधी सांगा.

तिसरी खेप परवा झाली. आता ती घडी जागेवर नाही, तिथे स्वच्छ पोकळी आहे. ऑपरेशनपासून एकही फिट नाही. गोळ्या चालू राहतील, आणखी काही महिने बघायचं, असं डॉक्टरांचं मत पडलं. टेबलावर आडवी होता होता सूनबाईंनी तोंडी अर्ज केला.

"आई, मग आता कडी?"

"बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"हलू नकोस. दादा रागावेल."

सूनबाईंचं डोकं पिंजऱ्यात गेलं. तिला आता छताशिवाय काही दिसत नव्हतं. दारात सासूबाईंनी पर्स ट्रेमध्ये रिकामी केली. किल्ल्या, पिना, नेलकटर, कडी. आणि या वेळी कागदाची एक पुडी. ती सुटली आणि ट्रेमध्ये स्क्रू घरंगळले, चारही कोरे. जुने स्क्रू दार मोडलं तेव्हाच वाकले होते.

तंत्रज्ञाने वर पाहिलं. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"काय वाजलं, आई?"

"काही नाही. पडून राहा."

सद्यःस्थिती : कडी पर्समध्येच आहे. अर्ज सासूबाईंच्या विचाराधीन असून, हे लिहीपर्यंत त्यावर निर्णय झालेला नाही.